रात्र उबदार झाली की गहू हलका का होतो

[दृश्य: निफाड तालुका, फेब्रुवारी. उजाडतंय. गव्हाच्या ओंबीवर दव.]

निफाडचा पारा किती खाली गेला, ही हिवाळ्यातली ठरलेली बातमी. द्राक्षबागायतदार त्या थंडीने धास्तावतो, बागेत शेकोट्या पेटवतो. बांधापलीकडच्या गव्हाला मात्र हीच थंडी हवी असते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधनाचं केंद्र इथेच, कुंदेवाडीला आहे.

थंडी गव्हाच्या नेमकी कोणत्या कामी येते? याचं उत्तर पेशीत आहे. आणि त्यातला मोठा भाग रात्री घडतो.

मार्च २०२२. हवामान खात्याकडे १९०१ पासूनच्या नोंदी आहेत. त्यांतला देशभराचा सर्वांत तापलेला मार्च हाच. कमाल तापमानाची सरासरी ३३.१ अंश. पंजाब-हरियाणात तेव्हा गव्हाचा दाणा भरत होता. केंद्र सरकारचा गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज ११ कोटी १३ लाख टनांवरून १० कोटी ६४ लाख टनांवर उतरला; १३ मे रोजी निर्यातही बंद झाली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीच्या कमाल तापमानाने उच्चांक केला. दोन्ही वेळा पीक उभं होतं, ओंब्या लागलेल्या होत्या. मार बसला तो दाणा भरण्याच्या दिवसांवर.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गव्हाचं पान.]

पानाच्या पेशीतले हे हिरवे ठिपके म्हणजे हरितलवकं. उन्हाच्या जोरावर इथे एटीपी तयार होतो. पेशीतलं जवळपास प्रत्येक काम या रेणूवर चालतं. हा एटीपी खर्चून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर बनते. तो वायू पकडून आणण्याचं काम रुबिस्को नावाच्या एन्झाइमचं.

रुबिस्को कमालीचा मंद आहे. सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू हाताळतो. म्हणून वनस्पती तो ढिगाने बनवते: गव्हासारख्या पिकाच्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं प्रथिन हेच असू शकतं. युरियातून पानापर्यंत पोचलेल्या नत्राचा मोठा वाटा या एकाच एन्झाइममध्ये अडकतो.

मंदपणा एक वेळ चालला असता. खरी अडचण वेगळीच आहे. रुबिस्को कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडतो. २५ अंशांना साधारण तीन-चार वेळा योग्य वायू हाती लागला की एकदा चुकीचा. ऑक्सिजन पकडला की दोन कार्बनचा एक निरुपयोगी रेणू तयार होतो. तो दुरुस्त करायला हरितलवकातून पेरॉक्सिझोम नावाच्या पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात, तिथून तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात, आणि पुन्हा उलटं, असा फेरा पडतो. असे दोन रेणू मिळून चार कार्बन आत जातात, तीन परत येतात. चौथा पुन्हा हवेत. वाटेत अमोनियाही सुटतो, तो पकडायला आणखी एटीपी जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. अमेरिकेतल्या पिकांसाठी केलेल्या गणितात यापायी गव्हाचं २० टक्के आणि सोयाबीनचं ३६ टक्के उत्पादन बुडतं, असं निघालं.

तापमान वाढलं की ही चूक वाढते, आणि त्याला दोन कारणं आहेत. पेशीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता ऑक्सिजनपेक्षा जास्त वेगाने घटते. शिवाय गरम झालेल्या रुबिस्कोची दोन वायूंमधली पारखही ढिली पडते.

यात एक तिसरा मोहरा आहे: रुबिस्को ॲक्टिव्हेज. रुबिस्कोच्या कामाच्या जागी नको ते साखरेचे रेणू अडकतात, ते एटीपी खर्चून उपसून काढणारं हे प्रथिन. पान तिशीच्या पुढे तापत गेलं की तेच आधी लंगडतं. रुबिस्को स्वतः त्याहून बरीच उष्णता सोसतो, पण त्याला मोकळं करणारा निकामी झाल्यावर त्याच्या सोसण्याला अर्थ उरत नाही. या ॲक्टिव्हेजचे गव्हात एकाहून जास्त प्रकार आहेत. त्यांतल्या एका उष्णता न सोसणाऱ्या प्रकारात फक्त एक अमिनो आम्ल बदललं, तर त्याची सहनशक्ती सुमारे पाच अंशांनी वर सरकते, असं २०२० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं. वाण तयार करणाऱ्यांसाठी ही मोलाची खूण आहे. मात्र परीक्षानळीतलं प्रथिन आणि शेतातला वाण यांत बरीच वर्षं असतात.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, मग रुबिस्कोची चूक कमी व्हायला नको का? शंका रास्त आहे. औद्योगिक काळाआधी दशलक्षात सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे गेला आहे आणि त्याचा गव्हाला काही प्रमाणात फायदा होतोही. पण उष्णता तो फायदा दुसऱ्या बाजूने काढून घेते. ती दुसरी बाजू आता पाहू.

[दृश्य: रात्र. शेत. तापमापकाचा आकडा.]

रात्री ऊन नाही, साखर बनणं बंद. पेशीचं काम मात्र सुरूच असतं. प्रथिनं मोडतात, ती नव्याने बांधावी लागतात. पटलांमधून, म्हणजे पेशीतल्या पातळ पडद्यांमधून, क्षार पाझरतात, ते परत ओढावे लागतात. पानातली साखर ओंबीकडे पाठवायची, तर तिलाही ऊर्जा लागते. हा सगळा एटीपी तंतुकणिकेतून येतो, दिवसा बनवलेली साखर जाळून.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून सरकतात आणि त्या जोरावर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. बाहेर प्रोटॉन तुंबतात, आत कमी. परत यायला मुख्य वाट एकच: एटीपी सिंथेज नावाचं फिरतं यंत्र. कोयनेचं अडवलेलं पाणी बोगद्यातून पोफळीच्या जनित्रांवर सोडतात, तसाच हा मामला. यंत्राची एक फेरी, तीन एटीपी. पटलाच्या दोन बाजूंमधला फरक दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो, पण पटल अवघं पाच-सहा नॅनोमीटर जाड आहे. हिशेब केला तर हा ताण मीटरमागे तीन कोटी व्होल्टच्या घरात जातो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

उबदार रात्री इथे दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, वेग. श्वसनाचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे अंशामागे सात टक्के वाढ. रात्रीचं तापमान १२ ऐवजी १७ अंश राहिलं, तर त्याच पिकाची रात्रीत सुमारे ४० टक्के जास्त साखर जळते. हे कागदावरचं गणित. उष्णता काही दिवस टिकली तर वनस्पती श्वसनाचा वेग थोडा आवरते, त्यामुळे प्रत्यक्षातली वाढ याहून कमी असते. तरीही दिवसभरात बनलेल्या साखरेचा तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा एरवीही श्वसनातच जातो, हे लक्षात घेतलं की यातली छोटी वाढसुद्धा जड का पडते ते कळतं.

दुसरी गोष्ट, गळती. पटल मेदाचं असतं. तापलं की पातळ होतं आणि प्रोटॉन सिंथेजला वळसा घालून थेट आत पाझरतात. साखर जळते, प्राणवायू खर्ची पडतो, हाती एटीपी कमी येतो. बाकीची ऊर्जा नुसती उष्णता म्हणून निघून जाते. शिवाय ताणाखालच्या साखळीतून भरकटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून दाहक रेणू बनवतात. ते त्याच पटलाची नासधूस करतात आणि दुरुस्तीला पुन्हा एटीपी लागतो.

दिवसा साखर बनण्याला गव्हात साधारण पंचविशीपर्यंतच वाव आहे, पुढे उतार लागतो. जळण्याचा वेग मात्र चाळिशीपर्यंत चढतच राहतो. एक रेघ खाली वळते, दुसरी वर जाते आणि मधली जागा आकसते. दाणा भरतो तो या मधल्या जागेतून.

रात्रीच्या तापमानाचा शेतातला सर्वांत गाजलेला पुरावा भाताचा आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर १९७९ ते २००३ या काळात कमाल तापमान ०.३५ अंशांनी वाढलं, किमान मात्र १.१३ अंशांनी. हंगामातलं किमान तापमान अंशाने वाढलं की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटलं. कमाल तापमानाशी असा स्पष्ट संबंध दिसला नाही.

[दृश्य: तळहातावर दोन मुठी दाणे. एक टपोरे, दुसरे सुरकुतलेले.]

आता दाण्यात. डावीकडचा दाणा भरलेला, उजवीकडच्याची पोटावरची खाच खोल, कडा आत ओढलेल्या. चांगल्या भरलेल्या गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. उन्हात सापडलेल्याचे तिशीच्या घरात येतात. दाण्याच्या वजनातला सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. साखरेचं पिष्ट जोडणारं विद्राव्य स्टार्च सिंथेज हे एन्झाइम उष्णतेला फार हळवं आहे. पंचविशीच्या आसपासच त्याचं काम मंदावू लागतं. म्हणून तापलेल्या दाण्यात साखर पोचलेली असते, पण तिचं पिष्ट होत नाही. त्यात वेळही तुटतो: तापमान १५ ते २० अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशामागे दाणा भरण्याचा काळ सुमारे तीन दिवसांनी आखडतो. दाणा चिकातून लवकर बाहेर पडतो आणि अर्धवट असतानाच वाळतो.

[दृश्य: संध्याकाळ. सरीतून पाणी सुटलेलं.]

शेतकऱ्याच्या हाती काय आहे? पाणी, पहिल्यांदा. एक लिटर पाणी पानांतून उडून जाताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. दाणे भरताना, ८० ते ८५ दिवसांनी, दिलेलं हलकं पाणी दुपारी पान हवेपेक्षा थंड ठेवतं आणि ॲक्टिव्हेज वाचवतं. वारा असताना मात्र पाणी देऊ नये. ओंबी जड, जमीन मऊ, पीक लोळतं; मग पानं एकमेकांखाली दबून साखर बनणंच कमी होतं. आणि एक मर्यादा आहेच: रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, बहुतांशी मिटलेली असतात. पाणी दुपार सांभाळतं, रात्रीवर त्याचा फारसा इलाज चालत नाही.

फवारणी. पंजाब कृषी विद्यापीठ एकरी ४ किलो पोटॅशियम नायट्रेट २०० लिटर पाण्यातून फवारायला सांगतं, पोटरीत एकदा आणि फुलोऱ्यात एकदा. पोटॅशियम पर्णरंध्रांची उघडझाप सांभाळतं आणि साखर ओंबीकडे नेणाऱ्या वाहिन्यांना मदत करतं. दाणा सुरकुतल्यावर केलेली फवारणी वाया जाते.

ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्याकडे वेगळी युक्ती आहे. ती आधी कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या एन्झाइमने पकडतात आणि आतल्या पेशींमध्ये रुबिस्कोभोवती दाटीवाटीने भरतात, त्यामुळे ऑक्सिजन पकडण्याची चूक जवळपास होत नाही. त्यासाठी प्रत्येक रेणूमागे दोन एटीपी जास्त द्यावे लागतात. उन्हाळ्यात हा सौदा परवडतो, थंडीत गहू सरस ठरतो. श्वसनाची रात्रीची वाढ मात्र ज्वारीलाही चुकत नाही.

राहिली पेरणी, आणि सर्वांत जास्त फरक तिनेच पडतो. १ ते १५ नोव्हेंबरला पेरलेला गहू ६०-६५ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरअखेरीपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत फुलतो आणि फेब्रुवारी सरेपर्यंत दाणा भरून घेतो. १५ डिसेंबरला पेरलेला फुलतो फेब्रुवारीच्या मध्याला, दाणे भरतात मार्चच्या उन्हात. कापसाचं किंवा उसाचं रान मोकळं व्हायला उशीर होतो, म्हणून अशी पेरणी दरवर्षी होते. मग बियाणं हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो वापरतात, ओळींतलं अंतर १८ सेंटिमीटरवर आणतात, कारण उशिराच्या गव्हाला फुटवे कमी येतात. जादा बियाण्याने ओंब्यांची संख्या बरीचशी भरून निघते. हजार दाण्यांचं वजन भरून निघत नाही.