ओझं पुढे घ्या

(वाचनालयातल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

अध्यक्ष महोदय, चिटणीस, आणि एवढ्या पावसातून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. चिटणीसांनी आल्याआल्या बजावलं आहे की सव्वासातला ह्याच रंगमंचावर नाटकाची तालीम आहे. विंगेत एक महाराज आणि दोन सरदार चहा पीत बसलेत, मला इथून दिसतात. गोव्यात नाटकवाल्यांशी भांडून कुणी जिंकलेलं नाही, तेव्हा मी वेळेत आटपतो. पत्रिकेत विषय छापलाय 'मालवाहू सायकल : बांधणी आणि वापर'. बांधणीकडे येतोच.

माझं म्हणणं फार मोठं नाही. सायकलवर जड वस्तू न्यायची तर ती मागच्या कॅरियरवर बांधू नका, पुढच्या चाकावर घ्या. आणि त्यासाठी पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो दोन पायांचा भाग, वेगळा बनवून घ्या. पहिला भाग ऐकून लोक माना डोलावतात, दुसरा ऐकला की घड्याळ बघतात.

आता कुणीतरी विचारणारच, 'आणि पोदेर?' रास्त प्रश्न. पोदेराची, म्हणजे आपल्या दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याची, भली मोठी टोपली मागेच असते. निळ्या प्लॅस्टिकखाली पाव, उंडे, पोळ्या, काकणं, आणि हँडलला तो पों-पों. त्याचं चुकतं का? मुळीच नाही. पाव जागा खूप खातो, पण वजनाला काहीच नाही. टोपली उंच असली तरी सायकल हेलकावत नाही, आणि दर दाराला ओझं कमीच होत जातं. पण त्याच टोपलीत नारळ भरा आणि बोरीचा चढ चढा. उभं राहून पायडल मारलं की तुम्ही एकीकडे जाता, नारळ दुसरीकडे, आणि पुढचं चाक हलकं होऊन रस्ता शोधत फिरतं. शिवाय मागचं ओझं दिसत नाही. आमच्या वाड्यावरचे एक काका चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं, सगळं सामान कॅरियरवर बांधून आणायचे. सुपारीचं शिपटं, नारळांची पेंड, चिबूड, कवंडळं, आंबाडे. काका पुढे, आणि मागून पोरं रस्त्यावरचे आंबाडे वेचत यायची. घरी आल्यावर काकू विचारायच्या, आंबाडे कुठायत? काका म्हणायचे, यंदा बाजारात आलेच नाहीत!

(हशा)

ही पुढे ओझं घेण्याची विद्या खऱ्या अर्थाने कसाला लावली ती पॅरिसच्या पेपरवाल्यांनी. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथली वर्तमानपत्रं रेओम्यूर आणि क्रुआसाँ ह्या रस्त्यांच्या परिसरात छापली जायची, आणि गठ्ठे शहरभरच्या विक्रेत्यांकडे सायकलस्वार पोचवायचे. त्यांना म्हणत पोर्तर. त्यांच्या सायकलला पुढे लोखंडी सपाट जाळी असायची, तीवर पेपरांचा गठ्ठा, आणि वेग असा की थांबायचं नाव नाही, कारण शिळा पेपर कोण घेणार? ह्या लोकांची चक्क शर्यत व्हायची, पुढे १५ किलो पेपर लादून. तुर द फ्रान्स सगळ्यांना ठाऊक आहे. १९०३ साली 'लोतो' ह्या वर्तमानपत्राने ती सुरू केली, खप वाढवायला. म्हणजे पेपर विकायला एक शर्यत आणि पेपर वाहायला दुसरी. मला विचाराल तर दुसरी जास्त प्रामाणिक. त्या काळचे रने एर्स यांच्यासारखे नामांकित कारागीर ह्या हमाली सायकलीसुद्धा मन लावून बांधत. आपल्याकडे कामाची सायकल म्हणजे गंजकी असायलाच हवी, असा एक समज आहे.

समजावरून आठवलं. दिवाळी अंकांचे गठ्ठे एका मोठ्या इमारतीत पोचवायचे होते. नाव घेत नाही, त्यांचं कुणीतरी इथे बसलेलं असेल. इमारतीखाली पार्किंग, फाटकाला दांडा, टोकन घेतलं की दांडा वर. मी सायकल घेऊन उभा. रखवालदार म्हणाला, "पात्रांव, सायकल हांगा दवरूंक मेळना." का? तर मशिनीला बटणं दोनच, चारचाकी आणि दुचाकी. मी म्हटलं, बाबा, चाकं मोज. त्याने मोजली! वाकून मोजली. म्हणाला, "दोन आसात खरीं, पूण नंबरप्लेट खंय?"

मग साहेब आले. साहेबांनी गठ्ठे बघितले आणि म्हणाले, ही तर डिलिव्हरी, मागच्या फाटकाने जा. मागच्या फाटकावर वही होती, वहीत रकाना होता 'वाहन क्रमांक'. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग वाहन नाही. मी म्हटलं, मग हातात आणलेत असं लिही. तर म्हणाला, हातात आणलेलं पुढच्या दाराने! अशी त्या इमारतीला मी अंकांसकट प्रदक्षिणा घातली. शेवटी सायकल रस्त्यापलीकडच्या बदामाच्या झाडाला कुलूप लावून ठेवली आणि गठ्ठे खांद्यावर नेले. परत येऊन बघतो तर पुढच्या जाळीवर कुणीतरी पिऊन झालेलं शहाळं ठेवलेलं. सपाट जागा दिसली की आपल्या लोकांना ती कचऱ्याची वाटते. रखवालदाराबद्दल माझी तक्रार नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. पण नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात सायकलवरून माल घेऊन येणारा माणूस आलाच नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि हाच नकाशावाला रविवारी हेल्मेट घालून दिवाडीच्या फेरीबोटीत महागडी सायकल चढवत असणार, ह्याबद्दल मी पैज लावतो.

बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. महाराजांनी पगडी चढवलेली दिसते. तर बांधणी.

हँडलच्या नळीची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जमिनीला लागते ती जागा, आणि चाक टेकतं ती जागा, ह्यांतलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक त्या रेषेच्या मागे टेकतं, म्हणून ते सरळ राहू बघतं. पण ट्रेल जास्त असताना पुढे ओझं घातलं, की हँडल जरा वळवताच ते आणखी वळायला लागतं. म्हणून ट्रेल कमी करायचा, म्हणजे चिमट्याचा पुढचा वाक वाढवायचा. नळी ७३ अंशांत, चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि वाक ४५ असेल तर ट्रेल ५७ येतो. वाक ७० केला की ३१. पेपरवाल्यांचं मर्म इथे आहे. आपल्या काळ्या सायकलीचा चिमटा आधीच बराच वाकलेला असतो, तुम्ही म्हणाल. असतो, पण नळीही तितकीच कललेली असते, आणि वाकाचा फायदा ती खाऊन टाकते. इंग्लंडात खाटकांच्या सायकलींना पुढे लहान चाक आणि वर टोपली असायची, पण टोपली फ्रेमला जोडलेली, हँडलबरोबर वळत नसे. तोही मार्ग आहे, वेळ नाही.

जुना चिमटा तापवून वाकवू नका, नवा बनवून घ्या, आणि पातळ नळीवर साधं वेल्डिंग करू देऊ नका, पितळेचं जोडकाम येणारा कारागीर शोधा. जाळीचे पाय थेट एक्सलपाशी यायला हवेत, वजन तिथे उतरतं. वरचा बोल्ट नुसता तोल धरतो. जाळी चाकाच्या जितकी जवळ तितकी बरी, मडगार्डला बोटभर जागा सोडा. टायर रुंद, ४० मिलिमीटरच्या आसपास. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक लागत नाही, हे आपल्या पावसात सांगायला नको. अॅल्युमिनियमची रिम घ्या किंवा ड्रम ब्रेक. खाऱ्या वाऱ्याला रंगाखाली रेड ऑक्साइड. आणि स्टँडवर लावली की ओझ्याने हँडल गर्रकन फिरतं, त्याला चिमट्यापासून खालच्या नळीपर्यंत एक स्प्रिंग, नाहीतर ट्यूबचा तुकडा ब्रेकच्या दांडीला आवळा.

हो, हो, झालंच. सायकल बाहेर ओट्यापाशी आहे, नारळ भरलेली. बघायची असेल त्यांनी नारळांसकट फिरवून बघा. रिकामी फिरवलीत तर हँडल चंचल लागेल आणि मला नावं ठेवाल.