कागद सगळ्यात शेवटी

(दृश्य: नागपूरची इतवारी, सकाळ. अरुंद जिना, वर छोटी खोली.)

इतवारीच्या सराफा ओळीतली दुकानं काचेची झाली, पण काचेमागचं काम अजून अशाच जिन्यांवर चालतं. मे महिना. बाहेर पारा ४५ च्या पुढे, आणि खोलीतला पंखा बंद. वाऱ्याने ज्योत हलते, कानशीचा कीस उडतो. तो कीस म्हणजे सोनं. म्हणून इथे घाम चालतो, वारा चालत नाही.

समोर शाळेतल्या एक बाई बसल्यात. आजीची अंगठी आणलीय, तिच्यात चौकोनी पाचू. मोबाइलवर एक फोटो, अगदी तसंच हवंय. सोनारकाका फोटो बघतात, मान हलवतात, मोबाइल परत देतात. अंगठी पाटावर उलटी ठेवतात.

हे कोंदण जुन्या पद्धतीचं, मागून बंद. खड्याखाली चकचकीत पत्री घातलेली, उजेड तिच्यावरून परत फिरावा म्हणून. आता पत्री काळवंडलीय, त्यामुळे पाचू मेल्यासारखा दिसतो. बाईंना वाटत होतं, खडाच गेला.

(दृश्य: चिमट्यात पाचू, मागे खिडकी.)

काका कड हलक्या हाताने उघडतात, खडा उजेडात धरतात. आत रेघांचं जाळं. पाचूत ते बहुधा असतंच.

"हे पाहा ताई, ही रेघ पार कोपऱ्यापर्यंत येऊन रायली. इथं मी जोर नाही देणार."

अंगठीचा आकार इथेच निम्मा ठरला. कागद अजून कोराच आहे.

मग काटा. आजी सांगायची, अर्ध्या तोळ्याची अंगठी. खडा काढून भरली ५.६ ग्रॅम. बाई खूश, कारण त्यांच्या हिशोबाने तोळा १० ग्रॅमचा. पण आजीचा तोळा मोठा होता: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्याचा अर्धा ५.८३. म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास सोनं आजीच्या बोटावरच झिजलं, भांडी घासताना, पाणी शेंदताना.

(दृश्य: काळी कसोटी, तिच्यावर पिवळ्या रेघा.)

कस २२ कॅरेटचा उतरतो, शंभरात ९१.६ भाग सोनं. काका सुचवतात, १८ करू, शंभरात ७५. बाईंचा चेहरा पडतो.

"म्हणजे भेसळ?"

"भेसळ लपवून करतात. मी तर तुम्हाला सांगून रायलो."

२२ चं सोनं मऊ. खडा धरणारी बारीक नखं रोजच्या आपटण्या-घासण्यात उघडतात, आणि खडा कधी पडला ते कळतही नाही. तांबं-चांदी घालून ५.६ ग्रॅमचं ६.८ च्या आसपास होईल. बाईंचं सोनं त्यात तेवढंच राहील, शिक्का मात्र ७५० चा बसेल.

मग प्रश्न सुरू होतात. कोणत्या हातात? स्कूटीवर हातमोजे घालता? कणीक मळताना काढता की तशीच? मला आधी हे अघळपघळ वाटलं होतं. पण फोटोतली अंगठी उंच आहे, टेबलावर ठेवलेली, आणि टेबल काही कणीक मळत नाही. काका खडा खाली घेतात, जवळजवळ बोटाला टेकेपर्यंत. मागची बाजू उघडी ठेवायचं ठरतं, उजेडासाठी आणि कणीक धुऊन निघावी म्हणूनही. शेवटी पेन्सिल निघते. चित्र दोन मिनिटांत होतं.

(दृश्य: मूस, टाकणखार, गॅसची निळी ज्योत.)

आटवणं, पत्रा, तार, कानस. डाग देण्याचं, म्हणजे तापवून सांधे जोडण्याचं, सगळं काम खडा बसवण्याआधी उरकायचं, कारण पाचूला आच सोसत नाही. रेघेच्या कोपऱ्यावरचं नख काका जरा अलीकडे घेतात आणि हात राखून दाबतात.

(दृश्य: चार दिवसांनंतर.)

अंगठी तयार आहे, पण काका ती बोटात घालू देत नाहीत. बाईंच्या ओढणीचं टोक मागतात, नखांवरून सरकवतात. तीन नखं पार. चौथ्याला धागा अडकतो, नेमका त्याच कोपऱ्यावर, जिथे हात राखला होता.

भिंग पुन्हा डोळ्याला जातं.

"उद्या या, ताई."