ग्रॅच्युइटीपेक्षा आई-वडिलांचा विमा

हे एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर. तक्त्यातली ही ओळ बघा: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी मिळणारे पैसे, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. वार्षिक पॅकेजच्या आकड्यात ती धरलेली आहे. पण १९७२च्या कायद्याने ठरवलेली सलग पाच वर्षं भरल्याशिवाय ती हातात पडत नाही. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावरच्यांसाठी ही अट एका वर्षावर आणली. कायम नोकरीवाल्यांची पाच वर्षं तशीच राहिली.

मूळ पगार तीस हजार असेल, तर पाच वर्षांचे होतात साडेशहाऐंशी हजार. पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कातल्या पोरापोरींना हा हिशोब तोंडपाठ असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला, आणि नव्या कंपनीत बरी हाइक मिळाली, की तेवढे पैसे वर्षाच्या आत वसूल. म्हणजे ग्रॅच्युइटीपायी कुणी थांबत नाही.

जून २०२२मध्ये इन्फोसिसने वर्षभरातल्या गळतीचा, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांचा, आकडा दिला होता २८.४ टक्के. मार्च २०२४पर्यंत तो १२.६वर आला. तरुणांची निष्ठा वाढली म्हणून? छे. बाहेरच्या ऑफर आटल्या होत्या.

त्याच काळात इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. पुढे एल अँड टीचे अध्यक्ष नव्वदवर गेले, रविवारसुद्धा मागून बसले. हिंजवडी फेज तीनहून सिंहगड रोडला घरी जाणाऱ्याने यात भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमधले तास धरायचे की नाहीत, हे मात्र दोघांनीही सांगितलं नाही.

म्हणूनच आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येणं, ही इथे पगारवाढच आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं २०१७पासून कायदा सांगतो. ती खरोखर चालू असेल, तर तान्ह्या बाळाची आई नोकरी बदलताना दहादा विचार करते.

आणि एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. वडिलांना मधुमेह, आईचा गुडघा गेलेला. वैयक्तिक विमा घ्यायला जावं, तर जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबायला लावतात. कंपनीच्या ग्रुप विम्यात बहुतेकदा हे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. सत्ताविशीतला इंजिनीअर हाइक सोडून जागेवर का थांबला, याचं उत्तर पुष्कळदा लातूर-परभणीकडच्या एखाद्या घरात सापडतं. नव्या ऑफरचा फोन आला, की तो एचआरला आधी विचारतो: पॉलिसीत आई-वडील आहेत का? हप्ता कंपनी भरणार, की माझ्याच पगारातून कापणार?