व्हेराक्रूझ: पोवळ्यांचा किल्ला

जरा जवळून बघा ही भिंत. मेंदूवर असतात तशा वळ्या दिसतायत ना? हा खडक नाही, समुद्रातलं प्रवाळ आहे. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरातला सान हुआन दे उलुआ हा अख्खा किल्ला अशा प्रवाळाने उभा केलाय. इथे या दगडाला ‘पिएद्रा मूकारा’ म्हणतात.

१५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी हेर्नान कोर्तेस याच किनाऱ्याला लागला. तेव्हा बंदर कसलं, नुसती उघडी वाळू! त्यात हिवाळ्यात उत्तरेकडून ‘नॉर्ते’ वारा सुटतो, तो जहाजं आपटून फोडणारा. आडोसा एकच, किल्ला उभा आहे ते समोरचं हे बेट. त्यामुळे गलबतं शहराच्या काठाला न जाता बेटाच्या आडोशाला यायची आणि भिंतीलाच बांधली जायची. या जाडजूड कड्या त्यासाठीच्या.

बांधकाम सुरू झालं १५३५ मध्ये. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या, म्हणून दगड समुद्रातून आला. प्रवाळ फोडायचं, होड्यांत भरायचं, बेटावर आणून तासायचं. ओलं असताना ते तासायला सोपं जातं. राबणाऱ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. कोपऱ्यावरचे बुरूज, खंदकावरचा पूल, तोफांचे झरोके, सगळं पुढच्या अडीचशे वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. मेक्सिकोची चांदी याच भिंतीजवळून स्पेनला निघायची. १८२१ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी इथली स्पॅनिश शिबंदी १८२५ पर्यंत हटली नाही. उलट समोरच्या शहरावर तोफा डागत राहिली.

नंतर इथे तुरुंग झाला. या अंधारकोठड्यांच्या छतातून झिरपणाऱ्या पाण्याने चुन्याचे सुळके लोंबू लागलेत.

पलीकडच्या शहरात सकाळ झालीय. कॅफेत चमचा ग्लासावर वाजवला की वेटर किटली उंच धरून कॉफीत गरम दूध ओततो. हा सोहळा बघायला तरी व्हेराक्रूझला यावं!

आणि हे पाण्याखालचं. ज्यातून किल्ला निघाला, त्याच प्रकारचं प्रवाळ, जिवंत. १९९२ पासून या प्रवाळरांगा राष्ट्रीय उद्यान आहेत. तरी शेजारी नवं बंदर वाढवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पर्यावरण परवानग्या रद्द करून परिणामांचा नव्याने अभ्यास करायला सांगितलं. नव्या बंदरात जहाजं तोवर लागू लागली होती.