गोदाकाठची पोयट्याची जमीन

नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी कमरेला लागलं, गळ्याशी आलं, की गावभर फोनाफोनी सुरू. त्या गडबडीत पाण्याच्या रंगाकडे कोण बघतंय? तो चहासारखा तांबूस असतो. नदी अख्खा डोंगर खरवडून खाली आणत असते.

गोदावरी उगम पावते तो ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच, आणि जेमतेम तीस किलोमीटरवरचं नाशिक ६०० मीटरच्या आसपास. हा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आपला काळा पाषाण. ऊन-पावसानं तो कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. उतारावरचं पाणी गोट्यांसकट ती ओढून नेतं.

नाशिक सोडलं की उतार मोडतो. पाण्याचा जोर ओसरतो तसे आधी गोटे खाली बसतात, मग वाळू. बारीक गाळ मात्र पाण्यासोबत काठ ओलांडून शिवारात शिरतो आणि पाणी थबकलं की तिथेच बसतो. ऊन पडल्यावर त्याच्या खपल्या निघतात. एखादी उचलून पाहा: वरून तुळतुळीत, खालून रवाळ. जड कण आधी बसले, हलके शेवटी. असे थर हजारो वर्षं साचत गेले, तेव्हा सायखेडा-निफाडकडची पोयट्याची जमीन झाली.

अर्थात, उत्तरेतल्या गंगेच्या मैदानासारखा अफाट गाळ इथे नाही. नदीलगतचा पट्टा तेवढा, खाली पुन्हा खडकच. पण हा गाळ जुना आहे. गंगापूरजवळ नदीकाठच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली होती.

आणि गंमत अशी, की ज्या द्राक्षांनी निफाडचं नाव झालं, त्यांना ही भारी काळी जमीन फारशी मानवत नाही. पाणी साचलं की मुळं गुदमरतात. त्यांना निचऱ्याची जमीन लागते. पोयटा खरा मानवतो तो उसाला.

आता बराचसा गाळ धरणांतच अडतो. गोदावरी आणि कादवा मिळतात त्या नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात तो इतका साचला, की पाणथळ तयार झाली, पक्षी आले, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, तिथे झालं. बाकी ठिकाणी उन्हाळ्यात तलाव आटले की जेसीबी लागतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाच आहे. पूर जो गाळ फुकट घरपोच टाकून जायचा, तो शेतकरी आता डिझेल जाळून ट्रॉलीनं माळावर नेतोय.