समुद्राला सातबारा नसतो

मित्रहो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, अणुऊर्जा हवी की नको? माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एवढा मोठा प्रकल्प दारात येतो तेव्हा प्रकल्पग्रस्त कोण, हे ठरवतो कोण?

राजापूर तालुक्यातल्या माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या परिसरातली ९३८ हेक्टर जमीन सरकारने संपादित केली. फ्रेंच तंत्रज्ञानाच्या सहा अणुभट्ट्या, मूळ आराखड्यात प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९०० मेगावॅट. जानेवारी २०१० मध्ये मोबदल्याचे धनादेश वाटायला अधिकारी आले, तेव्हा बहुतेक खातेदारांनी ते घेतलेच नाहीत. घरी अडचणी असताना समोर आलेला पैसा परत पाठवायला काय लागतं, हे कोकणात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. कातळ म्हणजे पडीक जमीन, असं सरकारी कागद म्हणत होते. त्याच सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेने हापूसच्या बागा आहेत, पावसाळ्यात भाताची खाचरं आहेत, गुरांची चराई आहे.

पुढे २०१३ मध्ये दर हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत गेला आणि बऱ्याच खातेदारांनी पैसे घेतले. त्यांना कोणी फितूर म्हणू नये. एकेका सातबाऱ्यावर आजोबांपासूनची नावं, निम्मे वारस मुंबईला, आणि जमीन तर कागदोपत्री गेलेलीच. किती वर्षं ताणायचं माणसाने? पण तेव्हापासून वर्तमानपत्रांत 'विरोध मावळला' असं छापून यायला लागलं, आणि इथे मला थांबावंसं वाटतं.

कारण खाडीपलीकडच्या साखरी नाट्याला कोणी धनादेश देऊच केला नव्हता.

साखरी नाटे हे मच्छीमारांचं गाव. सकाळी जेट्टीवर जाऊन बघा. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बांगडा वेगळा, कोळंबी वेगळी, म्हाकुळ वेगळं, आणि बर्फ फोडणाऱ्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांचा दिवस त्या आवकेवर ठरतो. यातल्या कोणाचं नाव भूसंपादनाच्या यादीत नाही. समुद्र कोणाच्याच नावावर नसतो, म्हणून तो कोणाकडून घेतला असंही कागदावर दिसत नाही. घ्यायलाच काही नाही म्हटल्यावर नाकारायला तरी काय असणार? त्यांच्या हातात फक्त रस्त्यावर उतरणं होतं आणि ते उतरले. १८ एप्रिल २०११ रोजी, म्हणजे जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेला जेमतेम महिना झालेला असताना, नाटे पोलीस ठाण्यावर जमाव गेला, मोडतोड झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावातला एक तरुण गेला. मोडतोडीचं समर्थन मी करत नाही. पण ज्यांचं म्हणणं नोंदवायला सरकारी कागदात रकानाच नव्हता, त्यांचा राग मला समजतो.

आता त्यांचं म्हणणं नीट ऐका, कारण ते भावनेचं नाही. अणुभट्टी थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि तापलेलं पाणी परत सोडायचं. पूर्ण क्षमतेला रोज सुमारे ५२ अब्ज लिटर. नोव्हेंबर २०१० च्या पर्यावरण मंजुरीत ३५ अटी आहेत. सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा पाच अंशांहून जास्त गरम नसावं, ही त्यातली एक. ठीक आहे. पण मच्छीमार विचारतो, आत जाणाऱ्या पाण्याचं काय? माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, ती जाळीतून पाण्याबरोबर आत ओढली जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती याच पिल्लांसाठी. प्रजननासाठी दोन महिने होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा अधिकार नाही, असं कोण म्हणेल?

आणखी एक भीती आहे, बंदी घातलेल्या समुद्राची. सुरक्षेसाठी प्रकल्पासमोरचं पाणी बंद झालं, तर जाळं टाकायचं कुठे?

एकही भट्टी अजून उभी राहिलेली नाही, हे सगळं आंदोलनाचंच यश असं मी म्हणणार नाही. खर्च आणि दायित्वाचे, म्हणजे अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची याचे, प्रश्नही आडवे आले. याच जातीची फ्रान्समधली फ्लामाँव्हिलची भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. पण विषय संपलेला नाही, आणि तो संपला असं समजून गप्प बसणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून तरुणांना माझी एकच विनंती आहे, वह्या घाला. कुठल्या होडीला, कुठल्या महिन्यात, किती वाव खोल पाण्यात, कुठली मासळी किती मिळाली, हे आजपासून लिहा. मच्छीमार सोसायटीच्या शिक्क्यासह ठेवा. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घ्या. प्रकल्पाआधीची ही नोंद तुमच्याकडे नसेल, तर उद्या मासळी घटली तरी ती कशामुळे घटली, हे तुम्ही कुठल्याच न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही.