रूळ टेनेसीत, फॉरेस्ट मिसिसिपीत

श्रोतेहो, नमस्कार.

घरात आठ-दहा पाहुणे मुक्कामाला आले की वाणसामानाची यादी किती लांबते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आता पाहुणे 1 लाख धरा. वर 35,000 घोडे आणि खेचरं. आणि वाण्याचं दुकान पावणेपाचशे मैलांवर!

1864 च्या मे महिन्यात, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेचा सेनापती विल्यम शर्मन दक्षिणेचं अटलांटा शहर घ्यायला निघाला तेव्हा त्याचा संसार असा होता. केंटकीतल्या लुईव्हिलपासून टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल, तिथून टेनेसीतलंच चॅटनूगा, तिथून पुढे अटलांटा, असा एकेरी लोहमार्ग. 473 मैल. पीठ, मांस, दाणा, दारूगोळा, सगळं त्याच रुळांवरून यायचं. शर्मनने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात हिशेब मांडलाय: हा माल गाड्यांनी वाहायचा तर सहा-सहा खेचरांच्या 36,800 गाड्या लागल्या असत्या. तिथल्या रस्त्यांवर ते जमणारच नव्हतं. म्हणजे रूळ तुटला की चूल विझली.

तो तोडू शकेल असा माणूस पश्चिमेला मिसिसिपी राज्यात बसला होता. नेथन बेडफर्ड फॉरेस्ट, दक्षिणेचा घोडदळाचा सेनापती. रात्रीतून यायचं, रूळ उखडायचे, स्लीपरची होळी पेटवायची, तिच्यावर रूळ तापवून वाकवायचे आणि पसार व्हायचं. याच्या शौर्याच्या कथा फार रंगवून सांगतात. पण युद्धाआधी हा गृहस्थ टेनेसीच्या पश्चिम टोकाच्या मेंफिस शहरात माणसं विकायचा, गुलामांचा व्यापारी होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फोर्ट पिलो इथे शरण येणाऱ्या उत्तरेच्या काळ्या सैनिकांची कत्तल याच्याच फौजेने केली. तेवढं गाळून घोड्याचं कौतुक करणारे लोक मला आवडत नाहीत. मेंफिसमधला त्याचा अश्वारूढ पुतळा 2017 साली उतरवला. बरं झालं. रात्रभर कंदिलाच्या उजेडात रूळ सांधणाऱ्या गँगमनचा पुतळा मात्र मी अजून कुठल्या चौकात पाहिलेला नाही. असो.

शर्मनचं गणित सोपं होतं. रूळ टेनेसीत आहेत, तर फॉरेस्ट मिसिसिपीतच राहिला पाहिजे. त्याला हरवता आलं तर उत्तम. नाही आलं तर निदान गुंतवून ठेवा. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे: रूळ टेनेसीत, फॉरेस्ट मिसिसिपीत.

1 जूनला फॉरेस्ट मिसिसिपीतल्या टुपेलो गावाहून रुळांच्या रोखाने निघाला. नेमक्या त्याच दिवशी उत्तरेच्या ताब्यातल्या मेंफिसहून उत्तरेचा सेनापती सॅम्युअल स्टर्जिस 8,000 माणसं घेऊन त्याच्यावर निघाला. फॉरेस्ट अलाबामापर्यंत पोचला होता, त्याला निरोप गेला, माघारी ये. आला. 10 जूनला मिसिसिपीतच, ब्राइसच्या चौरस्त्यावर, चिखलात आणि रणरणत्या उन्हात, निम्म्याच्या आसपास फौजेनिशी त्याने स्टर्जिसची दाणादाण उडवली. 2,200 हून जास्त माणसं गेली, तोफा गेल्या, गाड्या गेल्या. स्टर्जिस म्हणे काकुळतीला येऊन म्हणाला, फॉरेस्टसाहेबांनी माझा पिच्छा सोडला तर मीही त्यांचा सोडीन!

पण फॉरेस्ट कुठे होता? मिसिसिपीत.

जुलैत उत्तरेचाच अँड्र्यू जॅक्सन स्मिथ 14,000 माणसं घेऊन गेला. टुपेलोजवळ उंचवट्यावर ठाण मांडून बसला आणि दक्षिणेचे हल्ले एकामागून एक परतवले. जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी परत फिरला. का? सोबतच्या पावाला बुरशी आली होती. दुसऱ्याची रसद राखायला गेलेली फौज स्वतःचा शिधा नासला म्हणून घरी! निघता निघता झालेल्या चकमकीत फॉरेस्टच्या पायाला गोळी लागली. काही दिवस तो बग्गीत पाय वर ठेवून फिरला.

आता मला ज्यासाठी तुम्हाला इथवर आणायचं होतं, ती गोष्ट.

ऑगस्टमध्ये स्मिथ पुन्हा मिसिसिपीत शिरला. समोरासमोर लढण्याइतकं बळ आता फॉरेस्टकडे नव्हतं. मग त्याने काय केलं? थोडी फौज स्मिथपुढे नाचत ठेवली आणि 18 ऑगस्टच्या संध्याकाळी, धो धो पावसात, ऑक्सफर्ड गावाहून 2,000 स्वार घेऊन स्मिथला वळसा घालून निघाला. थेट मेंफिसकडे. शत्रू आपल्या घरात शिरलाय ना, मग आपण त्याच्या घरात जाऊ.

वाटेतला हिकाहाला ओढा दुथडी भरलेला. पूल नाही. आपल्याकडे आषाढात ओढा भरला की गाव दोन दिवस गप्प बसतं. या माणसांनी रानवेली तोडून त्यांचे दोर वळले, तारायंत्राचे खांब पाण्यावर टाकले, आणि आसपासच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांमधल्या जमिनीच्या फळ्या उचकटून वर अंथरल्या. तोफा त्यावरून पार. वेलींचा पूल!

कापसावरून आठवलं. याच युद्धाने तिकडचा कापूस अडला, म्हणून इकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि सगळं शहर शेअरबाजारात उतरलं. प्रेमचंद रायचंदांची राजाबाई टॉवरसाठीची देणगी त्याच बहरातली. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. झटपट पैसा म्हटला की आपण काही शिकत नाही, हे माझं जुनं मत.

तर, मेंफिस. 21 ऑगस्ट, रविवार, पहाटेचे चार. दाट धुकं. पहारेकऱ्यांना चकवून स्वार गल्ल्यांमध्ये घुसले. फॉरेस्टचा एक भाऊ, विल्यम, गेयोसो हॉटेलात घोड्यावरूनच शिरला. उत्तरेचा सेनापती स्टीफन हर्लबट तिथे उतरला होता. पण तो त्या रात्री नेमका दुसरीकडे झोपलेला. सुटला.

दुसरा भाऊ, जेसी, गेला मेंफिसच्या मुख्य सेनापतीच्या घरी, कॅडवालडर वॉशबर्नच्या. याच वॉशबर्नने स्टर्जिसला पाठवलं, यानेच स्मिथला पाठवलं. फॉरेस्टला धरून आणा असे हुकूम महिनोन्‌महिने हाच सोडत होता. आणि आता फॉरेस्टचीच माणसं दाराशी! वॉशबर्नला क्षणभर आधी जाग आली. कपडे करायला वेळ नाही. झोपायच्या पायघोळ सदऱ्यावर, गल्लीबोळांतून, सेनापतीसाहेब पळत सुटले ते नदीकाठच्या फोर्ट पिकरिंगमध्ये जाऊन थांबले. स्वारांना घरात काय मिळालं? खुंटीवरचा गणवेश.

फॉरेस्टने तो गणवेश पांढरं निशाण देऊन सन्मानाने परत पाठवला. आणि वॉशबर्ननेही सांगतात की मेंफिसमधला फॉरेस्टचा जुना शिंपी शोधला, त्याच्याकडून दक्षिणेचा राखाडी गणवेश शिवून घेतला आणि फॉरेस्टला भेट पाठवला. माप शिंप्याकडे होतंच!

सगळ्यात खूश झाला तो हर्लबट. काही महिन्यांपूर्वी याच वॉशबर्नसाठी त्याला मेंफिसच्या जागेवरून काढलं होतं. तो म्हणाला म्हणतात, फॉरेस्टला पश्चिम टेनेसीबाहेर ठेवता आलं नाही म्हणून मला काढलं, आता वॉशबर्नला तर त्याला स्वतःच्या झोपायच्या खोलीबाहेरही ठेवता येत नाही!

हसू येतं. स्मिथलाही मिसिसिपीतून परत फिरावं लागलं. पण वॉशबर्नची अब्रू गेली त्या पहाटेला शर्मनचा एक तरी रूळ हलला का? त्या दिवशी टेनेसीच्या लोहमार्गावर फॉरेस्टचा एकही स्वार नव्हता. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. स्टर्जिस हरला, स्मिथ बुरशीच्या पावाने परतला, वॉशबर्न सदऱ्यावर पळाला, आणि तिकडे अटलांटाच्या वाटेवर मालगाड्या चालत राहिल्या. दक्षिणेच्या दुसऱ्या स्वारांनी रूळ उखडले, नाही असं नाही. पण दुरुस्तीची माणसं लगेच जोडत. शर्मनच्या सैन्यात एक विनोदच होता: शत्रूने बोगदा उडवला म्हणून कुणी ओरडलं की उत्तर ठरलेलं, म्हातारा शर्मन जादाचा बोगदा बरोबर घेऊन फिरतो!

वेळ होत आली, उरलेलं घाईत सांगतो. 2 सप्टेंबरला अटलांटा पडलं. फॉरेस्ट रुळांवर गेला तो त्याच महिन्याच्या शेवटी-शेवटी. गेला आणि भरपूर मोडतोड केली, पूल जाळले, ठाणी घेतली. आणि नोव्हेंबरात शर्मन समुद्राकडे निघाला तेव्हा अटलांटाच्या बाजूचा तोच लोहमार्ग, ज्याच्यासाठी स्टर्जिसची 2,200 माणसं गेली, त्याने आपल्याच माणसांकडून उखडून टाकला.

नमस्कार.